इंग्रजी येतं, मग लेक रडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी एडिसनला जन्मली, न्यू जर्सीतच शिकली आणि सप्टेंबरात एक वर्षाच्या मास्टर्ससाठी इंग्लंडमधल्या लीड्सला गेली. पहिला दीड महिना मजेत होती. आता नोव्हेंबर अर्धा सरलाय आणि रोज रात्री फोनवर रडते, ‘माझं इथे सगळंच चुकतं’ म्हणते. पहिल्या निबंधाला १०० पैकी ६२ मार्क पडलेत. तुम्ही विचारता, इंग्रजी तर तिला आपल्यापेक्षा चांगलं येतं, मग अडतंय कुठे? परत बोलावून घेऊ का?

नका बोलावू. ६२ मार्कांसाठी तर मुळीच नका. त्याचं कारण पुढे सांगते, ते वाचून मुलीचे बाबा हसतील.

मी यॉर्कशरमधल्या, म्हणजे लीड्सच्याच भागातल्या, एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात १९ वर्षं काम करतेय. एक गोष्ट दर हिवाळ्यात पाहते. भारतातून, चीनमधून, नायजेरियातून आलेली मुलं आमच्या दाराशी येतात ती पहिल्या पंधरवड्यात. बँक, थंडी, जेवण, घरची आठवण. मग हळूहळू रुळतात. अमेरिकन मुलं सप्टेंबरात आमच्याकडे फिरकतही नाहीत. ती येतात नोव्हेंबरात, आणि पार दमून येतात. आपली पोरं परदेशी जायच्या तयारीनं निघतात. कुकर घेतात, चार जणांना विचारतात, चुकणार हे धरूनच चालतात. अमेरिकन मूल आपण परदेशी आलोय असं धरतच नाही. त्यामुळे रोजची बारीकशी चूक त्याला ‘इथली रीत वेगळी’ अशी न वाटता ‘माझंच काहीतरी बिघडलंय’ अशी वाटते. अशा पन्नास चुका साठल्या की एके दिवशी दुधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही म्हणून रडू फुटतं.

आधी मार्कांचं बघू. अमेरिकेत ९० च्या वर ‘ए’ आणि ६२ म्हणजे जेमतेम ‘डी’. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारण ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पदवीला ४० ला पास आणि ७० ला फर्स्ट. वरची पट्टी कागदावर १०० पर्यंत जाते खरी, पण निबंध लिहायच्या विषयांत ८० च्या वर गेलेले मी क्वचितच पाहिलेत. म्हणजे पहिल्याच निबंधाला मुलगी मेरिटमध्ये आहे. आता बाबांना त्यांची जुनी गुणपत्रिका काढायला सांगा. आपल्या वेळी ६० ला फर्स्ट क्लास होता, ७० ला डिस्टिंक्शन होतं आणि ६२ पडले तर घरी पेढे आले असते! ती पट्टी ज्यांनी आपल्याकडे आणली त्यांच्याच घरी मुलगी परीक्षा देतेय. गुणपत्रिकेचा फोटो तिला पाठवा. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. एका बोस्टनच्या मुलाला मी माझी एम.ए.ची गुणपत्रिका दाखवली होती. तो दोन मिनिटं नुसता बघत बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही हुशार होतात?’

मात्र मार्कांच्या मागे एक खरा फरक आहे आणि तो तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवा. अमेरिकेत दर आठवड्याला क्विझ, असाइनमेंट, हजेरीचे मार्क, वर एक्स्ट्रा क्रेडिट. आपण कुठे आहोत ते सतत कळत राहतं. इथे आठवड्याला आठ-दहा तास वर्ग आणि बाकी वेळ वाचनालय. एका विषयाचे सगळे मार्क शेवटच्या एका निबंधावर असू शकतात. वाचायची यादी ४० पुस्तकांची असते. ती सगळी वाचायची नसतात, त्यातली कुठली वाचायची हे ठरवणं हाच अभ्यास. कुणी विचारत नाही म्हणजे कुणाला पर्वा नाही, असा अर्थ ती काढत असणार. तिला एक पर्सनल ट्यूटर नेमून दिलेला असतो. त्याला मेल टाकून वेळ मागायची, तो आपण होऊन फारसा बोलावत नाही. आणि तब्येत किंवा मन इतकं बिघडलं की निबंध वेळेत होणार नाही, तर मुदत संपायच्या आधी सवलतीचा अर्ज भरायचा. मुदत गेल्यावर आलेल्या अर्जाचं काही करता येत नाही असं नाही, पण मग कागदपत्रांचा ससेमिरा मागे लागतो.

आता भाषेकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे.

मागच्या वर्षी एक ओहायोची मुलगी दोन निबंध घेऊन माझ्याकडे आली. एकावर प्राध्यापकानं ‘क्वाइट गुड’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘नॉट बॅड ॲट ऑल’. पहिल्यावर ती खूश होती, दुसऱ्यावर रडवेली. खरं उलट होतं. अमेरिकेत ‘क्वाइट’ म्हणजे चांगलंच, इथे ‘क्वाइट गुड’ म्हणजे ठीकठाक, बरं आहे. आणि ‘नॉट बॅड ॲट ऑल’ ही त्या गृहस्थांकडून मिळू शकणारी जवळजवळ सर्वोच्च शाबासकी होती. समासात अजून एक वाक्य होतं, ‘दुसऱ्या भागाकडे पुन्हा एकदा पाहावंसं वाटेल कदाचित.’ ती म्हणाली, मला नाही वाटलं, म्हणून नाही पाहिलं. अहो, त्याचा अर्थ ‘दुसरा भाग पुन्हा लिहून काढ’ असा होतो!

हे सगळ्या घरभर चालतं. सामायिक स्वयंपाकघरात तुमच्या लेकीनं रात्री भांडी तशीच ठेवली असं समजा. चार जणींपैकी कुणी तोंडावर बोलणार नाही. सकाळी फ्रिजवर चिठ्ठी असेल, ‘ज्या कुणाची कढई असेल तिनं जमल्यास, वेळ मिळेल तेव्हा, उचलली तर फार बरं होईल, आभारी आहोत’ आणि खाली एक हसरा चेहरा. अमेरिकन मूल ती वाचून म्हणतं, किती गोड मुली आहेत, संध्याकाळी उचलू. इंग्रज वाचणाऱ्याला ती चिठ्ठी म्हणजे आरडाओरडा आहे. आपल्या पुणेरी पाटीचा हा सख्खा चुलतभाऊ, फक्त सोवळं नेसून आलेला. (त्या मुली घासलेल्या भांड्यावरचा साबणाचा फेस विसळत नाहीत, तसंच पालथं घालतात, हा माझा वेगळा राग आहे. त्यावर मी १९ वर्षांत कुणालाही बदलू शकले नाही.)

‘यू ऑलराइट?’ हेही तसंच. ती हल्ली कुणी तसं विचारलं की दचकत असेल, आपला चेहरा इतका का उतरलाय म्हणून. तो प्रश्नच नाही, ते नुसतं नमस्कार-चमत्कार आहे. उत्तर ‘यू ऑलराइट?’ एवढंच. सुरुवातीला तिनं मनापासून उत्तर दिलं असेल, काल झोप कशी लागली नाही वगैरे, आणि समोरच्याचा चेहरा गोंधळलेला पाहिला असेल. ‘एकदा भेटायलाच हवं आपण’ म्हणजे आपल्याकडचं ‘या कधीतरी घरी’. वार आणि वेळ सांगितली तरच ते आमंत्रण. आणि चिडवणं. वर्गातल्या पोरांनी तिच्या उच्चारांची टिंगल सुरू केली असेल तर बहुधा तिला आपल्यात घेतलंय. इथे ज्याच्याशी जमत नाही त्याच्याशी लोक फार अदबीनं वागतात.

पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट पाहायची नाही, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथे टिप द्यायची नाही. टोळक्यात असेल तर पाळीपाळीनं प्रत्येकानं सगळ्यांसाठी घ्यायचं. आपली पाळी यायच्या आत उठून गेलं की कुणी काही बोलत नाही, पण वर्षभर विसरतही नाही. दारू प्यायलीच पाहिजे असं काही नाही, सोडा-लिंबू घेऊनही पाळी चुकती करता येते. हे मुलीला सांगताना तुम्हाला अवघड वाटेल, पण अमेरिकेत २१ पूर्ण होईपर्यंत ज्या गोष्टीला बंदी होती ती इथे १८ पासून चारचौघांत असते. तिच्या वर्गातल्या मैत्र्या अर्ध्या तिथेच जमतात.

यॉर्कशरात काही घरांमध्ये ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. ‘ये सहाला टीला’ म्हटलं म्हणून बिस्किटं घेऊन आणि पोट भरून गेलेल्या मुली मी पाहिल्यात. बसचा ड्रायव्हर ‘लव्ह’ म्हणाला तर तो लगट करत नाहीये, तो ८० वर्षांच्या आजोबांनाही तेच म्हणतो. उतरताना त्याला ‘थँक्स’ म्हणायचं.

आणि आता तिच्या हातातला हुकमी पत्ता, जो तिच्या बाकीच्या अमेरिकन मित्रांकडे नाही. तिनं उन्हाळ्यात सांगलीला, ठाण्याला, जिथे कुठे तुमचं घर असेल तिथे सुट्ट्या काढल्या असतील ना? मग तिला निम्मं ब्रिटन आधीच माहीत आहे. तळमजला आणि मग पहिला मजला, अमेरिकेसारखा जमिनीवरच पहिला नव्हे. तारखेत आधी दिवस, मग महिना. बटण दाबल्याशिवाय चालू न होणारं सॉकेट. डावीकडून गाड्या. लिफ्ट, टॅप, टॉर्च, डस्टबिन, क्यू, फोर्टनाइट, खोडरबराला रबर. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात! अमेरिकन मुलांना त्याचा अर्थ लागत नाही, साडेसहा की साडेसात यात घोळ करतात. आजीच्या घरातलं जे इंग्रजी तिला लहानपणी ‘चुकीचं’ वाटायचं तेच इथे बरोबर आहे. हे सांगितल्यावर एक मुलगी माझ्यासमोर इतकी हसली की मी तिला पाणी आणून दिलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आजोबा माझ्यापेक्षा इथे लवकर रुळले असते.’ अर्थात.

तारखेवरून आठवलं. बँकेच्या अर्जात जन्मतारीख अमेरिकन क्रमानं भरल्यामुळे एका मुलाचं खातं तीन आठवडे अडकलं होतं. पासपोर्टवर जुलै, अर्जावर ऑगस्ट. तुमच्या लेकीनं कुठे कुठे काय भरलंय ते एकदा तपासायला सांगा. आणि इथल्या खात्यात पैसे ठेवताना ती अमेरिकन नागरिक आहे हे विसरू नका. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची एकत्र रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती अमेरिकन सरकारला वेगळी कळवावी लागते. फीचे पैसे तुम्ही एकदम तिच्या खात्यात टाकले असतील तर ही रेषा सहज ओलांडली गेली असेल. तिचा अमेरिकेचा फोन नंबरही बंद करू नका, स्वस्तातल्या प्लॅनवर जिवंत ठेवा. तिकडच्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

घरभाडं इथे बऱ्याचदा आठवड्याचं सांगतात. आठवड्याला १५० पाउंड म्हणजे महिन्याला ६०० नव्हे, ६५० होतात, कारण वर्षाचे आठवडे ५२. खासगी घरात राहत असेल तर कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या घरपट्टीचं, बिल येईल. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो माफ असतो, पण आपोआप नव्हे, विद्यापीठाकडून दाखला काढून पाठवावा लागतो. टीव्हीच्या लायसन्सची धमकीवजा पत्रंही येतील. थेट प्रक्षेपण किंवा बीबीसीचं आयप्लेअर बघत नसेल तर तसं कळवायचं आणि विसरायचं. रविवारी संध्याकाळी सात वाजता मोठ्या दुकानाच्या बंद दारासमोर ती एकदा उभी राहिली असेलच. इंग्लंडात मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात, १९९४ च्या कायद्यानं. १६ ते २५ वयाचं रेलकार्ड काढलं नसेल तर आज काढा, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते.

आता औषधं. इथे जरा लक्ष देऊन वाचा, कारण माझ्याकडे येणाऱ्या अमेरिकन मुलांची सगळ्यात गंभीर घोटाळ्यांची प्रकरणं इथली असतात.

व्हिसाबरोबर तिनं आरोग्य अधिभार भरलाय, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पाउंड. त्यामुळे एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यखात्याची, सेवा तिला इथल्या माणसासारखीच मिळते. पण त्यासाठी जवळच्या जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं. आजारी पडल्यावर नव्हे, आधी. बरीच अमेरिकन मुलं नोंदवत नाहीत, कारण घरी सवय असते की विम्याचं कार्ड घेऊन थेट तज्ज्ञाकडे जायचं. इथे तज्ज्ञाची वाट जीपीच्या दारातून जाते. आमच्या भागात वेळ मिळवायला सकाळी आठच्या ठोक्याला फोन करावा लागतो आणि सव्वाआठला सगळ्या वेळा संपलेल्या असतात. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर १११ ला फोन करायचा, जिवावर बेतलं तर ९९९ ला. घसा, लघवीची जळजळ अशा काही तक्रारींवर २०२४ पासून इंग्लंडात फार्मासिस्टच औषध देऊ शकतो. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक मिळणार नाही, कितीही मागितलं तरी.

टायलेनॉलला इथे पॅरासिटामॉल म्हणायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुपरमार्केटात १६ गोळ्यांचं पाकीट मिळतं आणि एका वेळी दोनच देतात. एकदम जास्त गोळ्या घेऊन कुणाच्या जिवावर बेतू नये म्हणून ते आहे, दुकानदाराशी वाद घालू नये. झोपेसाठी मेलाटोनिन अमेरिकेत डब्यानं मिळतं, इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. बेनाड्रिल नावाची गोळी इथेही आहे, पण आतलं औषध वेगळं. झोप येईल म्हणून घेतली तर येणार नाही. आणि ॲडरॉल. मुलीला एकाग्रतेसाठी हे औषध चालू असेल तर ते ब्रिटनमध्ये परवानाप्राप्त औषधच नाही. जीपी अमेरिकन चिठ्ठी पाहून ते लिहून देणार नाही. पर्यायी औषध सुरू करायला इथल्या तज्ज्ञानं पुन्हा तपासावं लागतं आणि त्याची रांग लांब असते. तिकडून आणलेल्या गोळ्या नोव्हेंबरात संपतात, लक्ष लागत नाही, मार्क घसरतात, आणि घरी वाटतं की पोरगी खचली. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तसं काही असेल तर तिच्या अमेरिकन डॉक्टरांकडून निदानाचं सविस्तर पत्र मागवा आणि ते घेऊन तिला याच आठवड्यात जीपीकडे पाठवा. पोस्टानं गोळ्या पाठवण्याचा विचारही करू नका, नियंत्रित औषध आहे ते.

विजेचं एका वाक्यात. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. नुसता प्लग बदलायचा अडॅप्टर लावून तिकडचा हेअर स्ट्रेटनर चालवला तर तो जळतो, लॅपटॉप आणि फोनचे चार्जर चालतात. फोडणीच्या धुरानं मात्र वसतिगृहाचा अलार्म वाजतो. एका रात्री साडेअकराला आमच्या इमारतीतली सव्वाशे पोरं पायजम्यात पावसात उभी होती आणि जिनं मोहरी तडतडवली होती ती सगळ्यांच्या मागे लपली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पूर्ण मजल्याला बटाट्याची भाजी खायला घातली. तिच्या मैत्रिणी त्या रात्रीपासूनच्या. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवायचा.

रोज रात्रीच्या रडण्यात अंधाराचा वाटा तुम्ही धरत नाही आहात. एडिसन साधारण ४० अंश उत्तरेला आहे, लीड्स जवळजवळ ५४. डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य बुडतो आणि त्याआधीही ढगांमुळे तो फारसा भेटत नाही. न्यू जर्सीची थंडी जास्त कडक, पण ऊन असतं. इथे एनएचएसच सांगतं की ऑक्टोबर ते मार्च ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्या. तिला दुपारी बाराला, पाऊस असला तरी, अर्धा तास बाहेर चालायला लावा. संध्याकाळी सहाला खोलीत जाऊन दार लावून घेतलं की न्यू जर्सीत दुपारचा एक असतो, मग ती तुमचा सगळा दिवस फोनवर जगते आणि तिचा स्वतःचा दिवस उरतच नाही. रोजचा फोन आठवड्याला तीनवर आणा. हे आईला लिहायला मलाही बरं वाटत नाही, पण आणा.

पुढच्या आठवड्यातला गुरुवार तिला जड जाईल. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला इथे सुट्टी नसते, वर्ग असतात, कुणाच्या लक्षातही नसतं. तिनं त्या शनिवारी स्वतःच जेवण करावं आणि स्वयंपाकघरातल्या चौघींना वार-वेळ सांगून बोलवावं. इथल्या लहान ओव्हनमध्ये टर्की मावत नाही, कोंबडी मावते. ती शाकाहारी असेल तर मसालेभात. मराठी माणसं भेटावीत असं वाटत असेल तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. यॉर्कशरातही मराठी घरं आहेत आणि दारातून परत कुणी पाठवत नाही. फक्त तिच्या मराठीवर टीका करणारे एक काका प्रत्येक ठिकाणी असतात, तेवढी तिला आधी कल्पना द्या.

आणि नाताळचं आजच ठरवा. २५ डिसेंबरला या देशात रेल्वे पूर्ण बंद असते, बस जवळजवळ नसतात, दुकानं बंद. वर्गातली इंग्रज मुलं २० तारखेच्या आसपास घरी गेलेली असतात आणि वसतिगृहाचा मजला रिकामा होतो. तिला घरी आणायचं असेल तर परतीचं तिकीट काढूनच आणा. नसेल तर ती कुणाकडे जाणार ते नक्की करा आणि तिथे २४ च्या दुपारपर्यंत पोचेल अशी गाडी धरायला सांगा, त्या दिवशी गाड्या लवकर आटोपतात.